होतकरूंचा आढावा, पान नऊसकट

मधू, या वर्षीचा आढावा मला लिहावा लागतो आहे. तुझ्याच टेबलाशी बसून, तुझ्याच टाइपरायटरवर. रिबीन इतकी वाळली आहे की निम्मी अक्षरं अंदाजाने वाचावी लागतील. तू असतास तर म्हणाला असतास, "विनू, तुझं लिखाण अंदाजाने वाचलं तरच बरं वाटतं." तुझ्याआधी मीच म्हणून टाकलं.

तू गेलास त्याला महिना होऊन गेला. वैकुंठ स्मशानभूमीत एक गृहस्थ भेटले, तुझ्या टायपिंग क्लासचे जुने विद्यार्थी. डोळे पुसत म्हणाले, "सर फार मनमिळाऊ होते हो." मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. तुझ्या क्लासातून चांगली धडधाकट माणसं रडत बाहेर पडायची. एका मुलीला तू म्हणाला होतास, "बाई, आधी तुमच्या दहा बोटांची आपसांत ओळख करून देऊ, मग मशीनकडे वळू." मनमिळाऊ म्हणे. मेलेल्या माणसाचा इतका अपमान करू नये.

तिथेच तुझ्या भाच्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, तुम्ही दोघं दर रविवारी करायचात तरी काय?" मी सांगितलं, बेसबॉल. त्याला वाटलं, मला धक्का बसलाय. मग सगळंच सांगावं लागलं. तुझ्या मावसभावाने अमेरिकेहून आणलेला खोका, त्यात दोन फासे, खेळाडूंची कोरी कार्डं आणि इंग्रजी नियमांचं एक पातळ पुस्तक. आपण दोघांनी बेसबॉलची मॅच जन्मात पाहिलेली नव्हती. आठ संघ केले, चार तुझे, चार माझे, आठही पुण्यातले. फलंदाजासमोर चेंडू आला की मालकाने आधी बोलायचं, 'मारतो' किंवा 'सोडतो'. मग फासे टाकायचे आणि पुस्तकातल्या तक्त्यात निकाल बघायचा. झालं. यावर चौतीस वर्षं गेली.

भाचा म्हणाला, "म्हणजे दोघंच? घरात बसून?"

"हो."

"आणि खेळाडू?"

"ते नव्हतेच."

त्याने मला पाणी आणून दिलं.

होतकरूंचं मी त्याला सांगितलंच नाही, नाहीतर त्याने रिक्षा बोलावली असती. दर वर्षी दोघांनी तीन-तीन नवे खेळाडू आणायचे, ते होतकरू. नावं शोधायला कसब्यात पायी हिंडायचं. दुकानाच्या पहिल्या पाटीवरून नाव घ्यायचं आणि तिथून तिसऱ्या पाटीवरून आडनाव. त्यामुळे आपल्याकडे अब्दुल गोखले झाले, रसिकलाल तांबट झाले, मुनीर जोगळेकर झाले. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मुनीरभाईंना आपण यंदा त्यांचं नाव घेतल्याचं सांगितलं, तेव्हापासून ते तुला दुकानावरून जाऊच द्यायचे नाहीत. "काय मधुभाऊ, या रविवारी मी कसा खेळलो?" आणि तू भर रस्त्यात सांगायचास, "बेकार. पुढच्या वर्षी तुमच्याऐवजी शेजारचा चप्पलवाला घेणार." ते दिवसभर खूश असायचे. परवा मी एकटाच तिथून गेलो. त्यांनी मला बघितलं. काउंटरवरचं घड्याळ उघडून ते बराच वेळ त्यात बघत होते.

आढाव्याचे नियमही तूच केलेस. भाऊबीजेनंतरचा पहिला रविवार. टाइप केलेलं तू मोठ्याने वाचायचं, मूळ प्रत तुझी, कार्बन कॉपी माझी. आणि ज्याच्या खेळाडूबद्दल वाचलं जातंय त्याने वाचणाऱ्याचा चहा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. तू तो चहा बशीत ओतून, फुंकून, गार करून अर्धा तास प्यायचास. तोवर मी गप्प. एवढ्या वेळात माणसाचं उत्तरही गार होतं, हे तुला चांगलं ठाऊक होतं.

त्या सगळ्या कॉप्या माझ्याकडे आहेत. अब्दुल गोखलेंवरची तर मला पाठ आहे. "गोखले हंगामभर उभे होते. मैदानावरचं गवतही यांच्यापेक्षा लवकर निर्णय घेत होतं. गृहस्थ सज्जन आहेत, आणि त्यापलीकडे त्यांच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही." गोखले माझा खेळाडू. तू वाचत होतास तेव्हा मी हसलो. घरी जाताना बिबवेवाडीच्या बसमध्ये बसल्यावरही हसत होतो, आणि कंडक्टर तिकीट विचारायला आला तेव्हा लक्षात आलं की मला हसू येत नाहीये.

तर या वर्षीचे होतकरू. तुझ्याइतकं दुष्ट मला जमणार नाही, पण तुझ्याकडे शिकवणी झाली आहे, अगदीच वाया जाणार नाही.

"रसिकलाल तांबट. मालक मधू. पहिल्याच सामन्यात तीनदा चेंडू मैदानाबाहेर घालवला. उरलेला हंगाम त्या तीन फटक्यांच्या आठवणींवर काढला. पुण्यात याला कारकीर्द म्हणतात."

"मुनीर जोगळेकर. मालक विनू. पाय चपळ आहेत. पण कोणत्या दिशेने पळायचं हे दुसरं कोणीतरी सांगेल म्हणून थांबतो. मालकावर गेला आहे."

"वामन अत्तरवाला. मालक मधू. प्रत्येक चेंडूवर बॅट फिरवतो, मारण्यासारखा असो वा नसो. सुंदर फिरवतो. चेंडूशी त्याचं काही देणंघेणं नाही. असा माणूस संघात असावा, पण आपल्या नव्हे."

हा शेवटचा तुझ्यावर आहे, हे तू ओळखलंच असशील. माझे उरलेले दोघे लिहिण्याच्या लायकीचे नाहीत. राहिला बाळू लोखंडे. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे, कारण त्याच्याकडे यायलाच मी घाबरतो आहे.

आधी पुस्तकाचं बोलू. नियमांच्या पुस्तकात आठव्या पानानंतर एकदम अकरावं होतं. मधलं पान उंदरांनी खाल्लं, असं तू पहिल्याच रविवारी सांगितलंस. तक्त्यात 'बॉल' असा एक निकाल होता. म्हणजे सोडलेला चेंडू इतका वाकडा आलेला, की मारण्यासारखा नव्हताच. असे चार बॉल साठले की फलंदाजाचं काय होतं, ते त्या गायब पानावर. तू क्षणभरही विचार केला नाहीस. "चार-चार चेंडू समोरून जातात आणि हा बॅट उचलत नाही, म्हणजे झोपला. झोपलेला माणूस बाद." मला पटलं. क्रिकेटवर वाढलेल्या कुठल्याही माणसाला पटलं असतं. तसं चार जणांत चौकशी केली असती तर खरं कळलंही असतं. मी केली नाही. न विचारणं हा माझा स्वभाव, आणि तुझा सगळा डाव त्या स्वभावावर मांडलेला होता.

मी सोडायचो. सोडलं की माणूस निदान लगेच बाद होत नाही, पुढचं पुढे बघू. आणि चौथ्या बॉलला माझे खेळाडू ओळीने बाद व्हायचे. चौतीस हंगामांत ढाल एकदाही माझ्या घरी आली नाही. ढाल म्हणजे वहिनींची एक पितळी ताटली, पण आपण ढाल म्हणायचो आणि वहिनी ताटलीच म्हणायच्या.

आता ते बोलतो, जे चौतीस वर्षं बोललो नाही.

आपण दोघं एकाच कारखान्यात, तपासणी खात्यात होतो. एका मालाची मापं चुकली होती. तू सही करायला नकार दिलास. साहेब स्वतः तुझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "कर सही. जबाबदारी माझी." मी शेजारच्या टेबलावर होतो, हात लांब केला असता तर साहेबांच्या बाहीला लागला असता. तू सही केलीस. माल परत आला, चौकशी बसली, आणि साहेबांनी सांगितलं, "मी असं काही बोललोच नाही." मग मला आत बोलावलं. "तुम्ही तिथे होतात. साहेब काय म्हणाले?" मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही." चार शब्द. तुझी नोकरी गेली. दोन वर्षांनी त्या खात्याचा प्रमुख मला केलं. मी काहीही केलेलं नव्हतं, नुसता उभा होतो, आणि मला पुढची जागा मिळाली.

त्याच दिवाळीत तुझा निरोप आला. "रविवारी ये. खेळ आलाय." मी आलो. मला वाटलं, सुटलो. तू चौकशीचं नाव काढलं नाहीस, त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही. मी दर रविवारी घरातून ठरवून निघायचो की आज बोलायचंच. बस स्वारगेटला येईपर्यंत वाक्य तयार असायचं. शनिवार पेठेत उतरलो की त्यातले दोन शब्द गळायचे, आणि तुझा जिना चढेपर्यंत उरायचं ते एवढंच, "काय मधू, कोणाची मॅच?" तू म्हणायचास, "तुझी. हरायला बस."

दहा वर्षांपूर्वी मी लेकीकडे, मंजूकडे, अमेरिकेला गेलो. जावयाने कौतुकाने बेसबॉलच्या मॅचला नेलं. आयुष्यात पहिल्यांदा खरी मॅच बघत होतो. एक फलंदाज आला आणि चार चेंडू नुसता बघत राहिला. मी जावयाला म्हटलं, "गेला बिचारा." त्या बिचाऱ्याने बॅट खाली टाकली, सावकाश पळत पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, गेला आणि तिथे उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जावई म्हणाला, "बाबा, चार बॉल सोडले की पहिला बेस फुकट मिळतो. सोडता येणं हीच तर कला आहे." माझ्या हातातला मक्याच्या लाह्यांचा पुडा समोरच्या बाईंच्या डोक्यावर सांडला. मला अब्दुल गोखले आठवले. आपल्या लीगमधला सर्वांत मोठा खेळाडू माझ्याकडे होता, आणि त्याला आपण गवताच्या खाली बसवला होता.

परत आल्या आल्या मी तुला सांगितलं. तू फासे हलवत होतास, तुझा हात थांबलाही नाही.

"तिकडे मिळत असेल," तू म्हणालास. "शनिवार पेठेत मिळत नाही."

"अरे, पण नियम आहे."

"लिहिलेला दाखव."

पुढच्या रविवारी मी नियम छापून आणला. तू तो चष्मा लावून पूर्ण वाचलास, नीट चार घड्या घातल्यास आणि या टेबलाच्या डगमगणाऱ्या पायाखाली सरकवलास. "बघ, उपयोगी पडला," म्हणालास. तो कागद अजून तिथेच आहे. आत्ता मी टाइप करताना टेबल हलत नाहीये, ते त्याच्यामुळे. मी तेव्हा तुला हटवादी म्हातारा समजलो आणि सोडून दिलं. सोडण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

तुझे दिवस झाल्यावर वहिनींचा फोन आला. "भावोजी, तो खोका घेऊन जा. मला रोज बघवत नाही." मी गेलो. त्यांनी खोका पुढे केला आणि म्हणाल्या, "वरचं पाकीट उघडायच्या आधी बसा. तुम्हाला उभं राहायची सवय आहे, पण बसा."

पाकिटात पान नऊ होतं. चौथा बॉल, फलंदाज पहिल्या बेसवर. सगळे बेस भरलेले असतील तर पुढचे गडी एकेक बेस सरकतात आणि एक धाव मिळते. उंदराचा एक दात लागलेला नव्हता. कडेला पट्टी ठेवून ब्लेडने कापलेलं, रेघ केसभरही वाकडी नाही. तपासणी खात्यातला माणूस, दुसरं कोण कापणार असं.

"हे कुठे होतं, वहिनी?"

"माझ्या पोथीत. तुम्ही पोथीला हात लावणाऱ्यांतले नाही, म्हणून तिथे ठेवलं होतं त्यांनी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"दर गुरुवारी पोथी उघडते मी. माहीत नसायला काय झालं?"

"मग मला एकदा तरी सांगायचं."

त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. "सांगितलं असतं," म्हणाल्या. "पण तुम्हाला तरी कुठे काय आठवतं."

मधू, तू नीच होतास. हे मी शोकाच्या भरात म्हणत नाही, शोक आवरून म्हणतोय. माणसाला राग येतो, तो भांडतो, तोंड बघत नाही, गावभर बदनामी करतो. ते समजू शकतं. तू ब्लेड घेतलंस. माझ्यासाठी एक आख्खा खेळ असा कापलास की त्यात उभा राहणारा माणूस प्रत्येक वेळी बाद झाला पाहिजे. मग दर वर्षी टाइप करून मला वाचून दाखवलंस की हा का बाद झाला, आणि मी चहा संपेपर्यंत गप्प बसायचं. चौतीस वर्षं मी चौकशीच्या खोलीत बसलेलो होतो आणि मला वाटत होतं की रविवार आहे.

आणि तरीही. माझी बायको गेली तेव्हा तेरा दिवस तू रोज बिबवेवाडीला आलास. दुपारी यायचास, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचास, एक शब्द बोलायचा नाहीस. बाकीचे सगळे बोलत होते आणि मला कोणाचं काही ऐकू येत नव्हतं. तेराव्या दिवशी जाताना चपला घालत म्हणालास, "रविवारी ये. नाहीतर तुझेही संघ मीच खेळवीन आणि तू आणखी हरशील." मी आलो. नसतो आलो तर मी त्या घरात काय केलं असतं मला माहीत नाही. तू मला शिक्षा दिलीस, पण दार उघडून दिलीस, समोर बसून दिलीस. तुझ्याइतका वेळ माझ्यासाठी कोणीच दिला नाही. याबद्दल तुझे आभार मानायचे की तुला शिव्या द्यायच्या, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही करतो.

आता बाळू लोखंडे.

आपला शेवटचा रविवार नवरात्राच्या आधीचा. अंतिम सामना, तुझी कसबा पेठ आणि माझी बिबवेवाडी. शेवटचा डाव, बरोबरी, तुझा एकच गडी शिल्लक, तिन्ही बेस भरलेले. गुणांत मी पुढे होतो, त्यामुळे सामना बरोबरीत सुटला तरी ढाल माझी, आणि तू एक धाव काढलीस तर तुझी. फलंदाज लोखंडे. होतकरूंतला तुझा सर्वांत लाडका, हंगामभर एक चेंडू न सोडलेला.

तू म्हणालास, "सोडतो."

मी तुझ्याकडे बघितलं. तुझा श्वास जिना न चढताच लागलेला होता. फासे पडले, बॉल. "सोडतो." पुन्हा बॉल. तिसऱ्यांदाही "सोडतो," आणि तिसराही बॉल. चौतीस वर्षांत तू एका फलंदाजाचे सलग दोन चेंडू सोडलेले मला आठवत नाहीत. मी फासे पुढे केले तर तू ते खोक्यात टाकलेस. "आता पुढच्या रविवारी," म्हणालास. मी म्हटलं, अरे एक तर चेंडू राहिलाय. "राहू दे. तुला वाट बघायला आवडतं ना?" गुरुवारी तुला दवाखान्यात नेलं.

वहिनी सांगतात, त्या रविवारी मी गेल्यावर तू पोथीतून पान काढलंस आणि पाकिटात घालून खोक्यात ठेवलंस. त्यांनी विचारलं, तर म्हणालास, "पुढच्या रविवारी लागेल."

कशाला लागणार होतं, मधू? चौथाही बॉल सोडून, तेच पान माझ्या तोंडावर मारून, माझ्याच नियमाने माझी ढाल घेऊन जाणार होतास? तुला ते शोभलं असतं. की पान टेबलावर ठेवून म्हणणार होतास, बघ विनू, सोडणाऱ्यालाही मिळतं, जा आता, पुरे झालं? पाकीट उघडल्यापासून मी हेच चघळतो आहे. सकाळी वाटतं, तू मला मोकळं करणार होतास. दुपारपर्यंत तुझा स्वभाव आठवतो. विचारायला तू नाहीस, आणि वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "मला नाही बाई ठाऊक. त्यांनी वाईट केलं असतं तरी मी चहाच केला असता."

आज भाऊबीजेनंतरचा रविवार. मी खोका घेऊन सकाळी इथे आलो. म्हटलं, सामना संपल्याशिवाय आढावा कसला. टेबलावर वही उघडली, तिन्ही बेसवर तुझे गडी मांडले. समोर वहिनी मेथी निवडत बसल्या होत्या. तुझ्या वतीने मलाच बोलायचं होतं. मी तुझ्या खुर्चीकडे बघून म्हणालो, "सोडतो." आणि फासे टाकले.

बॉल. चौथा.

वहिनींनी मान वर केली. "काय झालं?"

त्यांना दोन्ही नियम माहीत होते, मलाही. पान नऊ लावलं तर एक धाव, ढाल तुझी, आणि मी मोठ्या मनाचा. किती सोपं होतं. पण मग गोखलेही बरोबर ठरले असते, आणि त्या खोलीत नुसता उभा राहिलेला मीही बरोबर ठरलो असतो. तुला जिंकवून मी स्वतःलाच निर्दोष सोडलं असतं, आणि वर लोकांना सांगितलं असतं की मित्रासाठी केलं.

मी म्हणालो, "वहिनी, मी तिथे होतो. साहेबांनी मधूला सही करायला लावली ती माझ्यासमोर. जबाबदारी माझी, असं ते म्हणाले. मला सगळं आठवत होतं."

बसमध्ये चौतीस वर्षं घोकलेलं वाक्य. निघालं ते असं, मेथीच्या जुडीसमोर, तू ऐकायला नसताना.

वहिनींनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "ते माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "मी मॅचचं विचारलं."

"लोखंडे बाद. सामना बरोबरीत."

"म्हणजे?"

"म्हणजे ढाल माझी."

मग मी मशीनमध्ये दोन कागद घातले, मध्ये कार्बन, आणि हे सगळं लिहायला बसलो. त्या उठल्या नाहीत. शेवटी लोखंडेचं लिहिलं आणि तेवढं त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "बाळू लोखंडे. मालक मधू. अंतिम सामन्यात, तिन्ही बेस भरलेले असताना, चार चेंडू समोरून गेले. हा उभा राहिला. नुसता उभा राहिला. बाद."

वाचून झालं. मग वहिनींनी निवडलेली मेथी परातीत काढली. ती ज्यात ठेवली होती ती पितळी ताटली पदराने पुसली आणि टाइपरायटरशेजारी, माझ्या हाताला लागेल अशी ठेवली.

"घ्या," म्हणाल्या. "जिंकलात."

आणि परात उचलून आत गेल्या. चहाचं काही बोलल्या नाहीत.